ओल, खारा वारा आणि स्वयंपाकघरातली यंत्रं

मिक्सरच्या जारचं झाकण उलटं करा आणि चमच्याच्या दांड्याने आतली रबरी रिंग उचकटून काढा. ज्या घरात रोज वाटण होतं, तिथे त्या खाचेत पिवळट, बुळबुळीत थर सापडतो. जार दररोज घासला जात असला तरी तो सापडतोच. हा थर खोबऱ्याचा असतो. हुमणाचं (माशांच्या आमटीचं), तोणकाचं (कडधान्याच्या रशाचं), उसळीचं वाटण करताना पात्यांच्या घर्षणाने खोबरं तापतं, त्यातलं तेल पातळ होऊन बारीकशा फटीत शिरतं आणि फटीच्या भिंतींना चिकटून बसतं. तेलाने माखलेल्या अरुंद फटीत पाणी शिरतच नाही, पृष्ठताण त्याला बाहेरच थोपवतो. त्यामुळे वरून कितीही धार सोडली तरी आतलं आतच राहतं.

पुढचं काम आपली हवा करते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला एवढी ओल पुरते. बुरशीची विकरं, म्हणजे एन्झाइम, खोबऱ्यातल्या चरबीचे तुकडे करतात. त्यातून लॉरिक आम्ल मोकळं होतं, ज्याची चव साबणासारखी लागते. बुरशी काही आम्लांपासून कीटोन जातीची रसायनंही बनवते, आणि खवट खोबऱ्याचा ओळखीचा वास येतो तो त्यांचाच. ताज्या नारळाच्या वाटणाला पावसाळ्यात कधी कधी शिळा वास येतो, तेव्हा नारळाला दोष देण्याआधी ती रिंग काढून पाहावी.

स्वयंपाकघरासाठी कोणतंही यंत्र निवडताना माझ्या मते सगळ्यात आधी हेच पाहायला हवं. दुकानात आपण विचारतो की हे काय काय करतं, किती वॅटचं आहे, सोबत जार किती. ते उघडतं कसं, त्याला फटी आणि जोड किती, त्यात झिजणारं काय आणि झिजलेलं बदलता येतं का, हे प्रश्न राहून जातात. खरं तर वर्षभराने ते यंत्र ओट्यावर असेल की माळ्यावर, हे या प्रश्नांवरच ठरतं.

समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या बाबतीत त्यात मिठाची भर पडते. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो, पण ते टिकतं ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो आपोआप पुन्हा धरतो. मात्र मिठातलं क्लोराइड त्याला जागोजागी भोकं पाडतं आणि टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटतात. खारवलेल्या मासळीचं भांडं रात्रभर मोरीत पडलं की सकाळी हे ठिपके दिसतात.

स्टीलचे सगळे प्रकार याला सारख्याच ताकदीने तोंड देत नाहीत. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून तिला १८/८ असंही म्हणतात. २०० च्या मालिकेतल्या स्वस्त प्रतींत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, क्रोमियमही थोडं कमी असतं, आणि खाऱ्या हवेत त्या लवकर डागाळतात. बाजारात अनेकजण लोहचुंबक लावून पाहतात, चिकटला नाही तर स्टील चांगलं असं समजतात. या परीक्षेचा इथे उपयोग नाही. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसा २०० च्या मालिकेतल्या स्टीललाही चिकटत नाही. भांड्यावर किंवा जारवर प्रत कोरलेली आहे का ते बघावं, नसेल तर दुकानदाराला विचारावं. थोडे जास्त पैसे जातात, पण पणजी, वास्को, कळंगुट अशा किनाऱ्यालगतच्या घरांसाठी ते जावेत असंच मला वाटतं.

आता मिक्सर. आपल्याकडच्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर भारतातच घडला. परदेशी ब्लेंडर मऊ फळं आणि सूप यांच्यासाठी बनलेले होते, भिजवलेली डाळ आणि सुकं खोबरं त्यांना झेपत नसे. सत्यप्रकाश माथूर या अभियंत्यांनी १९६३ मध्ये कंपनी काढली आणि त्यातून ‘सुमीत’ मिक्सर आला. तेव्हापासून आजवर बहुतेक मिक्सरांचं हृदय म्हणजे युनिव्हर्सल मोटर. आकाराने लहान, ताकदीने मोठी, मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारणारी. तिच्यात फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे दोन ब्रश घासत राहतात, म्हणून ते झिजतातच. मिक्सरमधून ठिणग्या दिसायला लागल्या, जळका वास यायला लागला, की बहुतेकदा ब्रश बदलायची वेळ आलेली असते. काम स्वस्त आहे, पण ते करणारा गावात असायला हवा.

जार आणि मोटर यांच्यामधला प्लॅस्टिकचा किंवा रबराचा कपलरसुद्धा झिजतो, कधी तुटतोही. तो मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम. पाती अडकली तर मोटर जळण्याऐवजी कपलर तुटावा, अशी ती योजना आहे. मिक्सर मध्येच बंद पडला तर बहुतेक मॉडेलांत तळाशी एक लहानसं बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून ते आत दाबलं की यंत्र पुन्हा चालतं. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले मिक्सर दुरुस्तीला जातात.

टेबलावर ठेवायचा वेट ग्राइंडर आतून वेगळा असतो. त्यात सहसा इंडक्शन मोटर असते, तिला ब्रशच नसतात. दगड सावकाश फिरतात, पीठ फारसं तापत नाही, आणि सान्नां (इडलीसारखी) किंवा आंबोळ्या आंबवायच्या असतील तर ते बरंच, कारण जास्त तापलेल्या पिठात आंबवणारे जिवाणू मरतात. त्याची देखभाल म्हणजे कधीतरी पट्टा बदलणं. पण दगड उचलून धुवायचे असतात आणि भांडं जड असतं. घरात चार माणसं असतील आणि आठवड्याला पीठ लागत असेल तर ग्राइंडर घ्यावा. दोघांचंच घर असेल, रोज वाटीभर वाटण लागत असेल, तर लहान जारचा साधा मिक्सर पुरे. ज्यूसरची जाळी, चॉपरच्या चकत्या, कणीक मळायचं पातं, असं सगळं एकातच देणाऱ्या यंत्राला जोड जास्त, म्हणजे फटी जास्त, आणि त्यातले बहुतेक भाग खोक्यातच राहतात.

नारळ खवायचा विषय निघाला की आदोळीला, म्हणजे जमिनीवर बसून वापरायच्या खवणीला, तोड नाही. लोखंडाचं एक पातं, लाकडाचा पाट, फट एकही नाही. धुतली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं की झालं. पण गुडघ्यांचं काय, हा प्रश्न खराच आहे. आमच्या आईच्या वयाच्या बायकांनी जमिनीवर बसून खवावं असं कुणी म्हणू नये. ओट्याला पकडणारी, हाताने फिरवायची खवणी हा त्यावरचा मला पटणारा उपाय आहे. तिचं डोकं सुटं होणारं असावं. खाली रबराची चकती चिकटवून उभी राहणारी खवणी घ्यायची असेल तर आधी आपला ओटा पाहावा. चकतीखालची हवा निघून गेली की बाहेरच्या हवेचा दाब तिला दाबून धरतो, आणि त्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. कडाप्प्याच्या खडबडीत ओट्यावर हवा आत शिरत राहते आणि खवणी घसरते.

कुकरबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण गोव्यात उकडे तांदूळ शिजतात. उकड्या तांदळाचं भात सालीसकट आधीच वाफवून वाळवलेलं असतं. त्यात दाण्यातला स्टार्च एकदा फुलून पुन्हा घट्ट बसलेला असतो, म्हणून पाणी आत शिरायला वेळ लागतो आणि शीत (भात) शिजायला सुरई, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा कितीतरी जास्त इंधन खर्च होतं. घरगुती कुकरमध्ये शिटीच्या वजनामुळे हवेच्या दाबाहून सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाब साठतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. शिजण्याच्या रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ चौपट.

एवढं काम करणाऱ्या या भांड्यात झिजणाऱ्या वस्तू दोनच, गॅसकेट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. उष्णता आणि तेल यांनी रबर कडक होतं, मग कडेने वाफ जाते. घट्ट झालेलं गॅसकेट ओढून ताणून चालवू नये, बदलावं. व्हॉल्व्हमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो, म्हणून त्याच्या जागी दुसरं काही कधीच ठोकू नये. भारतात घरगुती कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, मानक आयएस २३४७. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या कुकरवर ती नसेल तर तो घेऊ नये.

ॲल्युमिनियमचा कुकर हलका असतो आणि लवकर तापतो. स्टेनलेस स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम उष्णता दहा-पंधरापट चांगली वाहून नेतं. पण सोलां (कोकम), चिंच, बिंबल यांच्या आम्लाने त्याचा संरक्षक थर विरघळतो, वर मीठ असलं की धातूला खड्डे पडतात. आंबट पदार्थ त्यात शिजवून तसेच ठेवू नयेत. ज्यांना एकच कुकर घ्यायचा आहे त्यांनी स्टीलचा, पण तळाशी ॲल्युमिनियमचा जाड थर दाबून बसवलेला घ्यावा. नुसत्या पातळ स्टीलच्या तळाला उष्णता पसरत नाही आणि डाळ एका जागी लागते.

विजेचा राइस कुकर हा कमी देखभालीच्या यंत्राचा उत्तम नमुना आहे. तोशिबाने तो जपानमध्ये १९५५ साली बाजारात आणला. तो घडवणाऱ्या योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी भात शिजवून शिजवून तापमान आणि वेळ यांच्या नोंदी केल्या होत्या. आजच्या साध्या राइस कुकरमध्ये तळाशी एक चुंबकीय बटण असतं. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की तापमान एकदम चढतं, खास बनवलेल्या मिश्रधातूचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग बटण खाली पाडते आणि वीज तुटते. त्यात संगणक नाही, पडदा नाही, फक्त पदार्थविज्ञान आहे. उकड्या तांदळाला यात पाणी बरंच जास्त घालावं लागतं, आणि पेज काढून शीत निवळायची सवय असेल तर मात्र टोपच बरा.

आणि तवा. बिडाच्या तव्यावर पोळे, आंबोळ्या सुटून येतात त्या तेलाच्या कडक झालेल्या थरामुळे. तेलातल्या रेणूंत दुहेरी बंध असतात, तापल्यावर ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडावर वार्निशसारखा पापुद्रा बनतो. गोव्यातल्या घरांत इथे एक अडचण येते. आपण तवा खोबरेलाने पुसतो, पण खोबरेलात दुहेरी बंध फारच थोडे, त्यातली ९० टक्के चरबी संपृक्त. त्यामुळे थर नीट धरत नाही, नुसता तुपकट राहतो, आणि पावसाळ्यात खालून गंज येतो. तवा तयार करताना जवसाचं किंवा सूर्यफुलाचं तेल अगदी पातळ पुसून, धूर येईपर्यंत तापवून, गार करून पुन्हा तसंच करावं. रोजचा स्वयंपाक मग खुशाल खोबरेलात करावा.

हेच रसायन एअर फ्रायरमध्ये उलटतं. बांगड्याच्या चरबीत पाच-सहा दुहेरी बंध असलेले रेणू असतात. गरम वाऱ्याने ती चरबी उडते आणि वरच्या तापत्या कॉइलवर, पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसते. तिथे तोच चिवट पापुद्रा तयार होतो, पण तिथे हात पोचत नाही. मग पुढच्या वेळी बटाटे भाजले तरी वास मासळीचा. ज्यांच्या घरी आठवड्यातून चार वेळा मासे भाजले जातात, त्यांनी रव्यात घोळवलेला बांगडा तव्यावरच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. शाकाहारी घरात एअर फ्रायर बरा चालतो.

नॉनस्टिक पॅनबद्दल एवढंच, की त्याचा टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंशांच्या वर बिघडू लागतो आणि मोठ्या आचेवरचं रिकामं पॅन तिथे काही मिनिटांत पोचतं. मंद आचेवर वापरलं तर टिकतं, तरी काही वर्षांनी बदलावं लागतंच.

इंडक्शन शेगडी पुसायला सोपी, कारण वर फक्त काच. पण तिच्या पोटातला पंखा बाहेरची हवा ओढतो आणि हवेसोबत ओल, तेलकट वाफ, कधी मुंग्याही आत जातात. पावसात आपल्याकडे वीज जाते-येते, येताना दाब कमीजास्त असतो, आणि त्याचा फटका इलेक्ट्रॉनिक पट्टीला आधी बसतो. मिक्सर, ओव्हन, शेगडी यांत टचच्या पडद्याऐवजी फिरवायचं बटण असलेलं मॉडेल मिळत असेल तर मी तेच घेईन. पावसाळ्यात वापर नसताना प्लग काढून ठेवावा.

विकत घेण्याआधी एक चौकशी जरूर करावी. गॅसकेट, कपलर, जारचं झाकण, ब्रश या वस्तू म्हापशाला, मडगावला किंवा फोंड्याला सुट्या मिळतात का, ते दुकानातच विचारावं. ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या अनोळखी मॉडेलचं नेमकं झाकणच मिळत नाही. जमलं तर नवं यंत्र घेतानाच एक गॅसकेट आणि एक कपलर जास्तीचा घ्यावा. गॅसकेट तेल न लावता, वाळवून, डब्यात ठेवावं.