पोस्टबायोटिक्स

आरोग्याला उपकारक ठरणारे निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांच्या पेशींचे भाग यांपासून तयार केलेले पदार्थ म्हणजे पोस्टबायोटिक्स. प्रोबायोटिकमध्ये उपकारक जिवाणू जिवंत असतात, प्रीबायोटिक हे आतड्यातल्या अशा जिवाणूंचे खाद्य असते, आणि पोस्टबायोटिकमधले जिवाणू मुद्दाम मारलेले असतात. या तिघांत पोस्टबायोटिक हा शब्द सर्वांत नवा आहे आणि सर्वाधिक ढिलाईने वापरला जाणाराही हाच.

पोस्टबायोटिक्सची आज सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या आयसॅप या प्रोबायोटिक्स-प्रीबायोटिक्सविषयक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पदार्थात निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक असले पाहिजेत आणि त्यांचा आरोग्याला होणारा लाभ सिद्ध झालेला पाहिजे. म्हणूनच शिजवताना ज्यातले जिवाणू मेले असा कोणताही आंबवलेला पदार्थ आपोआप पोस्टबायोटिक ठरत नाही. त्याआधी याच गोष्टीला पॅराप्रोबायोटिक, घोस्ट प्रोबायोटिक अशी नावे होती.

खरा घोळ ब्युटिरेटवरून होतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेला तंतुमय भाग आंबवतात तेव्हा ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटपासून मिळवतात. त्यामुळे लोकप्रिय लेखांत ब्युटिरेट म्हणजेच पोस्टबायोटिक असे सर्रास छापले जाते. आयसॅपच्या व्याख्येत मात्र शुद्ध केलेली चयापचयजन्य रसायने बसत नाहीत, आणि लसीही बसत नाहीत. हे वगळणे सर्व संशोधकांना मान्य नाही. तरीही व्यवहारात ही सीमा उपयोगाची वाटते, कारण ब्युटिरेटला स्वतःचे नाव आहेच. त्याला दुसरे नाव दिल्याने काही कळत नाही.

मेलेला जिवाणू काय करणार, ही शंका साहजिक आहे. पण आतड्याच्या अस्तरातील पेशी आणि त्याखालील प्रतिकारपेशी जिवाणूला ओळखतात ते त्याच्या पृष्ठभागावरून. पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन व लिपोटायकोइक आम्ल, बाह्य शर्करा, पृष्ठभागावरची प्रथिने हे सारे जिवाणू मेल्यावरही बऱ्याच अंशी शाबूत राहते. टोल-सदृश ग्राही नावाचे रेणू या खुणा टिपतात आणि त्यावरून प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद चढतो किंवा उतरतो. काही पोस्टबायोटिक्समुळे शेजारशेजारच्या पेशींना घट्ट जोडणारी प्रथिने वाढून अस्तराची गळती कमी होते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲकरमॅन्सिया म्यूसिनिफिला या जिवाणूचे. आतड्यातील श्लेष्म्यावर जगणारा हा जिवाणू २००४ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी वर्णिला. २०१७ मधील प्रयोगांत तो ७० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून उंदरांना दिला, तेव्हा चयापचयावरचा त्याचा परिणाम जिवंत जिवाणूपेक्षाही अधिक दिसला. मारूनही गुण वाढावा, हे कोणालाच अपेक्षित नव्हते. त्याच्या बाह्यपटलावरील एक प्रथिन पाश्चरीकरणाच्या तापमानालाही टिकते आणि टोल-सदृश ग्राही-२ शी संवाद साधते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. २०१९ मध्ये जास्त वजनाच्या व इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या स्वयंसेवकांवर तीन महिन्यांची चाचणी झाली. रोज १० अब्ज पाश्चरीकृत पेशी घेणाऱ्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता सुधारली आणि एकूण कोलेस्टेरॉल उतरले. मात्र चाचणी पूर्ण करणारे अवघे ३२ जण होते आणि वजनातली घट सांख्यिकीय कसोटीवर टिकली नाही. जाहिरातींत हा भाग सहसा येत नाही.

पोटाच्या तक्रारींबाबत अधिक वजनदार पुरावा जर्मनीतील आहे. आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा विकार, म्हणजे आयबीएस, असलेल्या ४४३ रुग्णांना आठ आठवडे उष्णतेने मारलेला बायफिडोबॅक्टेरियम बायफिडमचा एक प्रकार किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. ठरवलेल्या निकषाइतका आराम पहिल्या गटात ३४ टक्के, तर दुसऱ्यात १९ टक्के रुग्णांना मिळाला (२०२०). म्हणजे दोनतृतीयांश रुग्णांना त्या निकषाइतका आराम मिळाला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. फ्रान्समध्ये तर उष्णतेने मारलेल्या लॅक्टोबॅसिलसचे औषध जुलाबावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात आहे. शब्द नंतर आला, औषध आधीचे.

आतड्यापलीकडचे दावे जपून घ्यावे लागतात. मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे रसायन शरीरात बहुतांश आतड्यातच तयार होते आणि व्हेगस चेता आतड्याला मेंदूशी जोडते, त्यामुळे मनःस्थितीवर परिणाम शक्य आहे. जपानमध्ये परीक्षेच्या तयारीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांना लॅक्टोबॅसिलस गॅसेरीचा मारलेला प्रकार दिल्यावर चिंता व झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचे नोंदले गेले. अशा चाचण्या लहान आहेत. शिवाय एका प्रकाराचा गुण त्याच जातीच्या दुसऱ्या प्रकाराला लागू होत नाही, आणि मारण्याची पद्धत बदलली तरी परिणाम बदलू शकतो.

निर्जीव असल्याचा सरळ फायदा म्हणजे टिकाऊपणा: शीतगृहाची गरज सहसा नसते. मुदतीआधी जन्मलेली अर्भके किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यात जिवंत प्रोबायोटिक क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतो. मेलेली पेशी वाढत नसल्याने तो धोका राहत नाही. तरीही सुरक्षितता प्रत्येक उत्पादनागणिक तपासावीच लागते. पाश्चरीकृत ॲकरमॅन्सियाला युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रौढांसाठी रोज ३४ अब्ज पेशींपर्यंत सुरक्षित मानले, पण गर्भवती व स्तनदा स्त्रियांना त्यातून वगळले.

मात्रा मोजण्याची रीतही वेगळी आहे. प्रोबायोटिकच्या वेष्टनावर असतो तो सीएफयू हा आकडा म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक थाळीवर वाढून वसाहत उभारू शकणाऱ्या जिवंत पेशींची गणती. मेलेली पेशी वसाहत करीत नाही, म्हणून पोस्टबायोटिकमधल्या एकूण पेशी फ्लो सायटोमीटरसारख्या उपकरणाने मोजतात. फक्त मारलेल्या पेशींच्या उत्पादनावर सीएफयू छापलेला असेल, तर तो आकडा बहुधा पेशी मारण्यापूर्वीचा असतो.