विलीनीकरण: विरघळायचे कोणी?

‘विलीन’ या शब्दाच्या पोटात ‘ली’ हा धातू आहे. चिकटणे, विरघळणे हा त्याचा अर्थ. लय, प्रलय, तल्लीन ही त्याचीच भावंडे. संस्कृतात ‘जे नव्हते ते होणे’ दाखवायला च्वि प्रत्यय लागतो, त्यातून एकीकरण झाले आणि विलीनीकरणही. घडण एकच असली तरी एकीकरणात दोघे मिळून एक होतात, विलीनीकरणात मात्र एक उरतो आणि दुसरा विरघळतो.

१८४८मध्ये कंपनी सरकारने सातारा घेतला तेव्हा शब्द होता ‘खालसा’. त्यात काही लपत नव्हते. शंभर वर्षांनी, मार्च १९४८मध्ये दक्षिणेतली मराठी संस्थाने मुंबई प्रांतात गेली आणि १ मार्च १९४९ला कोल्हापूर, तेव्हा ती ‘विलीन’ झाली. त्याआधी संस्थानांनी भारतात येताना केलेला सामीलनामा फक्त संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांपुरता होता. सामील होणे वेगळे, विलीन होणे वेगळे. आजही लिहिताना या दोहोंची सर्रास गल्लत होते.

मराठी मुलखाच्या मागणीसाठी मात्र ‘संयुक्त’ आणि ‘एकीकरण’ हे शब्द पुढे आले. विदर्भ किंवा मराठवाडा कुणात विरघळायला तयार नव्हता, हे उघड आहे. सीमाभागात अजूनही एकीकरणच म्हणतात.

गोव्यात हे भान सुटले. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात प्रश्न होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाचे चिन्ह फूल, विरोधाचे दोन पाने. १,७२,१९१ मते विरोधात पडली, १,३८,१७० बाजूने. कोंकणी आणि मराठीचा वाद, लहान प्रदेशाची भीती ही कारणे खरीच. तरी माझ्या मते महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना ‘विलीन’ शब्दात घरवापसी ऐकू येत होती, तर पलीकडच्यांना आपले पुसले जाणे. त्याच शब्दावर मते मागणे हा करंटेपणा होता. गोवा १९८७मध्ये स्वतंत्र राज्य झाला.

२०२१च्या अखेरीस एसटीच्या संपात हाच शब्द उलटा फिरला. विरघळण्याची मागणी महामंडळाचे कर्मचारीच करत होते, कारण विरघळले की सरकारी नोकरांचा पगार मिळणार होता. नकार आला तो ज्यात विरघळायचे त्या सरकारकडून. एप्रिल २०२२मध्ये गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या, महामंडळ वेगळेच राहिले.