को लोआ

व्हिएतनाममधील प्राचीन राजधानी. हानोई शहराच्या उत्तरेला, तांबड्या नदीच्या त्रिभुज प्रदेशात, दोंग आन भागात हिचे मातीचे तट आजही उभे आहेत. औ लाक राज्याचा राजा आन झुओंग वुओंग याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात ही नगरी वसवली, असे परंपरा सांगते. त्याचे मूळ नाव थुक फान. हुंग राजांची सत्ता मोडून तो गादीवर आला.

‘लोआ’ म्हणजे गोगलगाय. शंखासारखे नऊ वेढे असलेला किल्ला, असे लोक सांगत आले. प्रत्यक्षात तट तीनच आहेत. बाहेरचा सुमारे ८ किमी., मधला साडेसहा किमी. आणि आतला चौकोनी, जेमतेम १.६५ किमी. बाहेरचे दोन वेडेवाकडे आहेत, जमिनीचे उंचवटे आणि पाण्याचे प्रवाह धरून गेलेले. खंदक ह्वांग नदीला जोडलेले होते, त्यामुळे होड्या थेट तटापाशी येत.

दंतकथेनुसार तट दिवसा बांधावा आणि रात्री कोसळावा, असे चालले होते. शेवटी किम क्वी नावाचे सोन्याचे कासव नदीतून वर आले. ही करणी एका पांढऱ्या कोंबड्याच्या रूपातल्या पिशाचाची आहे, असे त्याने राजाला सांगितले. पिशाचाचा बंदोबस्त झाला आणि तट टिकला. जाताना कासवाने आपली एक नखी दिली. काओ लो या कारागिराने ती क्रॉसबोच्या, म्हणजे चाप ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याच्या, चापात बसवली. मग एका बाणात हजारो शत्रू पडू लागले.

उत्तरेकडच्या नाम व्येत या राज्याचा राजा च्येउ दा लढाईत हरला, तेव्हा त्याने सोयरीक जुळवली. त्याचा मुलगा चोंग थुई हा राजकन्या मी चौचा नवरा होऊन को लोआत राहिला. नवऱ्यावर विश्वास टाकून तिने त्याला धनुष्य दाखवले. त्याने नखी काढून खोटी बसवली. ‘युद्ध पेटलं तर तुला शोधू कसा?’ असे त्याने निघताना विचारले. वाटेत आपल्या झग्यातली हंसाची पिसे टाकत जाईन, असे ती म्हणाली. शत्रू दाराशी आला तरी राजा निर्धास्तपणे पट खेळत बसला होता. धनुष्य चालेना, तेव्हा तो मुलीला घोड्यावर पाठीमागे घेऊन पळाला. समुद्रकाठी त्याने कासवाला हाक मारली. उत्तर आले, ‘तुझ्या मागं बसलीय तीच शत्रू.’ राजाने तलवार उपसून मुलीचे डोके उडवले. तिचे रक्त कालवांनी गिळले, त्याचे मोती झाले. चोंग थुईने विहिरीत जीव दिला. त्या विहिरीच्या पाण्यात धुतले की हे मोती जास्त झळकतात, असे म्हणतात.

कथेत दोष मुलीच्या माथी येतो, पण गाफील होता तो राजा. लोकांनाही हे जाणवले असावे, कारण गावात राजाचे देऊळ आहे तसे मी चौचेही आहे. आत झगा आणि दागिने घातलेली एक दगडी मूर्ती बसलेली आहे, तिला डोके नाही. राजाच्या देवळासमोरच्या तळ्यात आहे तीच चोंग थुईची विहीर, असे दाखवतात.

कथेतली शस्त्रे मात्र जमिनीत सापडली. १९५९ मध्ये तटाच्या दक्षिणेला काशाची हजारो बाणाग्रे निघाली आणि २००४-०५ च्या सुमारास राजाच्या देवळाच्या आवारात ती ओतण्याचे साचे मिळाले. बाणांचा कारखाना ऐन राजवाड्यापाशी होता, असा याचा अर्थ होतो. १९८२ मध्ये ७२ किग्रॅ. वजनाचा काशाचा ढोल मिळाला. त्याच्या पोटात काशाच्या वस्तू खच्चून भरल्या होत्या, त्यांत नांगराचे फाळही होते. हा ढोल दोंग सोन या उत्तर व्हिएतनाममधील कांस्ययुगीन संस्कृतीचा आहे. २००७-०८ च्या उत्खननात मधल्या तटाचा काळ चिनी सत्ता येण्याआधीचा ठरला. एवढी माती वाहायला हजारो माणसे कामाला जुंपणारे बळकट राज्य इथे होते, हे त्यावरून उघड झाले. आतला चौकोनी तट मात्र काही अभ्यासकांना नंतरचा, चिनी अमलातला वाटतो.

औ लाकचा पाडाव परंपरेनुसार इ. स. पू. २०८-०७ मध्ये झाला. चिनी इतिहासग्रंथावरून मात्र तो इ. स. पू. १७९ च्या आसपास येतो. त्यानंतर हजारभर वर्षे, मधले काही उठाव सोडता, उत्तरेचे, मुख्यतः चीनचे, राज्य चालले. ९३८ मध्ये बाख दांग नदीवर चिनी आरमार बुडवल्यावर न्गो क्वेन या व्हिएतनामी सेनानीने पुढच्या वर्षी राजधानीसाठी पुन्हा को लोआच निवडली. ९६८ मध्ये ती ह्वा लू येथे गेली.

चांद्रवर्षाच्या पहिल्या महिन्याच्या सहाव्या दिवशी इथे राजाची जत्रा भरते.