वेदनाशामक गोळ्या आणि जठररक्षण

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही वेदना व दाह कमी करणारी, स्टेरॉइड नसलेली औषधे. ती चालू असताना जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण होऊ नये, झालाच तर त्यातून रक्तस्राव होऊ नये, यासाठीच्या उपायांना जठररक्षण म्हणतात.

जठरातील आम्ल तीव्र असते. त्यापासून जठराचे अस्तर वाचते ते श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) थर, आम्ल शमवणारे बायकार्बोनेट आणि भरपूर रक्तपुरवठा यांमुळे. हे तिन्ही टिकवून धरतात ती प्रॉस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये. दुखऱ्या सांध्यात सूज व वेदना वाढवणारी द्रव्येही याच कुळातली. ही औषधे त्यांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे ज्या क्रियेने गुडघा हलका होतो, तिनेच जठर उघडे पडते.

गोळी जठराच्या अस्तराला थेटही डिवचते, पण मुख्य इजा रक्तात भिनलेल्या औषधामुळे होते. म्हणूनच ‘इंजेक्शन घेतले, आता पोटाची चिंता नाही’ हा समज चुकीचा आहे. गुदद्वारातून दिलेले औषध किंवा आवरण असलेली गोळी यांनीही धोका टळत नाही. ‘उपाशीपोटी घेऊ नका’ हा सल्ला घरोघरी पाळला जातो. त्याने मळमळ व जळजळ कमी होऊ शकते, पण पोटभर जेवण म्हणजे व्रणापासून संरक्षण नव्हे. थंड दूध किंवा अँटासिडचे पातळ औषध यांचेही तेच. उलट जळजळ थांबली की माणूस निर्धास्त होतो, आणि असे व्रण बरेचदा दुखत नाहीत, हा यातला खरा धोका आहे.

भरवशाचा उपाय म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्लनिर्मिती रोखणारी औषधे. ती सहसा सकाळी, खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असतात. जेवणानंतर वेदनाशामकाबरोबर एकदमच गिळली तर परिणाम कमी होतो. लहान आतड्याच्या पुढच्या भागाला मात्र त्यांचे संरक्षण मिळत नाही. वेदनाशामक बंद झाले, तरी ही गोळी वर्षानुवर्षे चालू राहिलेली दिसते. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. मिसोप्रोस्टॉल प्रॉस्टाग्लँडिनची उणीव भरून काढते, पण त्याने जुलाब होतात आणि गर्भपाताचा धोका असल्याने गरोदरपणी ते वर्ज्य. जठराला सौम्य म्हणून आलेल्या कॉक्सिब या वेदनाशामकांच्या गटातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले; त्याच गटातील सेलेकॉक्सिब आजही वापरात आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात असल्यास धोका वाढतो, म्हणून पूर्वी व्रण झालेल्यांनी त्याची तपासणी करून उपचार घ्यावेत.

पूर्वी व्रण किंवा रक्तस्राव झालेले, वयाची पासष्टी ओलांडलेले, स्टेरॉइड वा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना सर्वाधिक जपावे लागते. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या आजोबांना गुडघ्यासाठी एक डॉक्टर डायक्लोफिनॅक देतात, दातासाठी दुसरे आयब्युप्रोफेन. तिन्ही गोळ्यांची नावे वेगळी, कुळ एकच. अशी दुहेरी-तिहेरी मात्रा घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात मेडिकलमधून कात्रीने कापून आणलेल्या दोन-चार गोळ्यांच्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेच उरलेले असते. म्हणून नवे औषध लिहून घेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवाव्यात.

चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन् महिने दुखतात आणि गोळ्याही तितकेच दिवस चालतात. अशा वेळी कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस हे सूत्र कोणत्याही रक्षक गोळीहून मोलाचे आहे. एखाददुसराच सांधा दुखत असेल तर वरून लावायचे जेल आधी वापरून पाहावे, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात जाते. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत जठराला बरेच सुरक्षित आहे. पावसाळी तापात डेंग्यूची शक्यता संपेपर्यंत तापासाठी तेच घ्यावे, कारण डेंग्यूत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांच्या गटातील औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक घेरी किंवा पोटात असह्य कळ यांपैकी काहीही दिसले, तर गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा अशी चिकट व उग्र वासाची नसते. शंका असल्यास तपासणी करावीच.