तोस्कानिनींनी एकही सूर बदलला नाही?

इटालियन वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी (१८६७–१९५७) संगीतकाराच्या संहितेला, म्हणजे त्याने लिहिलेल्या सुरावटीला, कधीच हात लावत नसत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. फ्रेंच संगीतकार देबुसीच्या ‘ला मेर’ या वाद्यवृंद-रचनेत काही ओळी वाद्यांच्या गर्दीत बुडतात असं वाटल्यावर त्यांनी वाद्यांची वाटणी बदलली. प्रत्येक सूर कानावर पडावा ही तळमळ मला फार मोलाची वाटते. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘मॅन्फ्रेड’ सिम्फनीला तर १९४९च्या ध्वनिमुद्रणात त्यांनी चक्क कात्री लावली, शेवटच्या भागातला मोठा तुकडाच गायब!

मग हा समज आला कुठून? गायक मनाला येईल तसे सूर लांबवायचे, फर्माइशीवर गाणं पुन्हा म्हणायचे. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात तोस्कानिनींनी त्याला ठाम आळा घातला, त्यातूनच हा समज रुजला. त्यांनी खुणा केलेल्या संहिता आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत.