तांत्रिक साहाय्य म्हणजे नोटांची थैली नव्हे

अमृततुल्यच्या बाकड्यावर हे वर्षानुवर्षं ऐकतोय: "तांत्रिक साहाय्य म्हणे! शेजाऱ्यांना पैसे फुकट वाटायचं गोंडस नाव." पुण्यात ठामपणाला पुरावा लागत नाही, हे मान्य. पण हे चूक आहे.

यात सहसा रोकड जात नाही. तज्ज्ञ, अभ्यास, प्रशिक्षण, कार्यपद्धती जाते. आणि देणारे दर वेळी आपणच नसतो. 2001 मध्ये भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी 'सासेक' हा दक्षिण आशियातला आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू केला. त्याचं सचिवालय मनिलाची आशियाई विकास बँक चालवते आणि सदस्य देशांना तांत्रिक साहाय्यही तीच देते. म्हणजे इथे भारत घेणाराही आहे.

एक उदाहरण बघा. नेपाळला समुद्र नाही. त्याचा बराच माल कोलकात्याला उतरून सीमेवरच्या नेपाळी बीरगंजला जातो. या कंटेनरना आता इलेक्ट्रॉनिक कुलूप लावतात. वाटेत कुणी छेडछाड केली की कस्टमला इशारा मिळतो. या व्यवस्थेची चाचणी याच बँकेच्या मदतीने झाली. ट्रकचा खोळंबा टळला तर नेपाळी व्यापाऱ्याचा फायदा, आणि कोलकाता बंदराचाही.

भारत स्वतः देतो ते 'आयटेक' या आपल्या सरकारच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून, 1964 पासून. त्यात प्रशिक्षणार्थींचा खर्च भारत करतो, हे खरं. पण तो बराचसा इथल्याच संस्थांमध्ये होतो. आणि आयटेकबाहेरही असं शिकणं-शिकवणं चालतं. लांब कशाला, सहकार व्यवस्थापन शिकवणाऱ्या आपल्या वैकुंठ मेहता संस्थेच्या आवारात 1983 पासून 'सिकटॅब' हे कृषी बँकिंगचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशातले सहकारी बँकांचे अधिकारी तिथे शिकायला येतात. बाकड्यावरच्या मंडळींना रिक्षाने जाता येईल इतकं जवळ.