चिनी भाषाभ्यासाची पार्श्वभूमी : व्याकरणाआधी उच्चार

भाषेचा अभ्यास म्हटले की आपल्याला पाणिनी आठवतो. चीनमध्ये मात्र व्याकरण फार उशिरा आले. चिनी शब्दांना आपल्यासारखे विभक्तीचे नि काळाचे प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे रूपे चालवण्याची गरजच पडली नाही. पंडितांपुढचे प्रश्न होते दोन : जुन्या ग्रंथातल्या चिन्हाचा अर्थ काय आणि ते वाचायचे कसे?

पहिल्याचे उत्तर शू शेनने इ.स. 100 च्या सुमारास दिले. त्याच्या कोशात 9,353 चिन्हे 540 गटांत लावलेली आहेत. दुसरा प्रश्न अवघड, कारण लिपीत सुटे वर्ण नाहीत. त्यावर 'फान्छिये' ही युक्ती निघाली. 'तुंग' (पूर्व दिशा) वाचायला शिकवायचे, तर 'ते' आणि 'हुंग' ही ओळखीची चिन्हे द्यायची. पहिल्यातला 'त' घ्यायचा, दुसऱ्यातला 'उंग' आणि सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार.

लू फायेन या पंडिताच्या घरी एका रात्री आठ विद्वान पाहुणे जमले. मद्यपान आटोपल्यावर उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उच्चारांवर वाद रंगला, आणि लूने दिव्यापाशी बसून टिपणे काढली. त्यांतूनच 601 मध्ये 'छियेयुन' हा यमककोश, म्हणजे यमकांनुसार चिन्हे लावलेला कोश, सिद्ध झाला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच बैठक.

पुढे बौद्ध भिक्षूंमार्फत आलेल्या भारतीय वर्णविचाराने या सामग्रीला शिस्त लावली. सोंगकाळातल्या (दहावे ते तेरावे शतक) 'युनचिंग' या कोष्टकात ओठ, जीभ, घसा अशा उच्चारस्थानांनुसार ध्वनी मांडले आहेत. त्यातली ओष्ठ्यांची ओळ प, फ, ब, म अशी जाते. मराठी वाचकाला ती लगेच ओळखू येईल. 'भ' तेवढा नाही, कारण त्या चिनीत तो वेगळा ध्वनीच नव्हता.

प्राचीन काव्यातली यमके नंतरच्या काळात जुळेनाशी झाली होती. तेव्हा पाठ बदलू नका, उच्चारच बदलले आहेत, असे छन तीने 1606 मध्ये ठामपणे मांडले. युरोपीय धर्तीवरचे चिनी माणसाने लिहिलेले पहिले मोठे व्याकरण मा च्येनचुंगचे, तेही थेट 1898 सालचे.

विसाव्या शतकात स्वीडनच्या बर्नहार्ड कार्लग्रेनने यमककोश आणि जिवंत बोली शेजारी ठेवून जुने उच्चार पुन्हा उभे केले. 'छियेयुन'मध्ये छांगआन या तेव्हाच्या राजधानीची बोली आहे, असे तो मानत असे. चौ त्सुमोसारख्या नंतरच्या अभ्यासकांना मात्र त्यात उत्तर-दक्षिणेच्या सुशिक्षित उच्चारांचा मेळ दिसतो. आणि लूची प्रस्तावना वाचली की त्यांचेच म्हणणे पटते.